तबकडीचा षड्ज

लाखेच्या जुन्या तबकड्यांना आपण सरसकट ‘७८ आरपीएम’ म्हणतो. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे. माझ्या कामात सगळ्यांत आधी बाजूला ठेवावा लागतो तो हाच आकडा. सुरुवातीच्या पंचवीसेक वर्षांत तबकड्या कधी ७२ला, कधी ७५ला, तर कधी ८०च्याही वर कोरल्या गेल्या. ७४ फेऱ्यांना कोरलेली तबकडी ७८ला वाजवली, तर काळी एकचा षड्ज जवळपास पांढरी दोनवर जाऊन बसतो. सव्वातीन मिनिटांचे गाणे दहा सेकंद आधी संपते. आवाज कोवळा होतो, तान माणसाच्या गळ्याला न झेपणाऱ्या वेगाची वाटते, आणि ऐकणारा म्हणतो, काय तयारी होती जुन्या लोकांची! तयारी होतीच. ती चुकीच्या वेगाने मोजली जाऊ नये, यासाठी माझी सगळी धडपड आहे.

पनवेलच्या जुन्या गावात, घरातल्याच एका खोलीत मी हे काम करते. तबकडी धुवायची, वाजवायची, तिच्यातला आवाज संगणकात उतरवायचा आणि मग तो स्वच्छ करायचा. आधी मुंबईत एका डबिंग स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचे काम केले. लहानपणापासून गाणे शिकत आले. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या तबकड्यांपाशी. पनवेलचे जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहायला लागल्या, तशा माळ्यावरच्या पेट्या खाली आल्या. काही भंगारात गेल्या, काही माझ्यापर्यंत पोचल्या. पेण, उरण, अलिबाग, महाडकडूनही माणसे पिशवीत जपून तबकड्या घेऊन येतात. लग्नकार्यात भाड्याने आणलेला फोनो, त्याचा कर्णा, चावी द्यायला मुलांची लागलेली चढाओढ, हे सगळे त्यांच्याबरोबरच येते.

ही तबकडी तयार कशी होत होती, हे समजल्याशिवाय ती नीट ऐकता येत नाही. भारतात त्याची सुरुवात नोव्हेंबर १९०२मध्ये कोलकात्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग यंत्र घेऊन आला आणि हॉटेलच्या खोलीत त्याने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता आणि विजेचाही संबंध नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला जोडलेली सुई, आणि सुईखाली फिरणारी मेणाची जाड चकती. आवाजाच्या धक्क्याने पडदा थरथरला की सुई मेणात डावी-उजवीकडे हलत नागमोडी रेघ काढत जाई. चकती फिरवायलाही वीज नव्हती. उंचावरून हळूहळू खाली येणाऱ्या वजनावर ती फिरायची. वेग ठरायचा तो यंत्र लावणाऱ्याच्या हाताने, म्हणूनच त्या काळातल्या तबकड्यांचा वेग एकसारखा नाही.

मेणावर एकदा रेघ उमटली की ती पुसून पुन्हा गाता येत नव्हते. चुकले तर नवी चकती घ्यायची. मेणाच्या चकत्या जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथे त्यांच्यावर तांब्याचा थर चढवून धातूचे साचे बनवत आणि त्या साच्यांवर लाखेच्या तबकड्या दाबून काढत. जर्मन कारागिरांना गाणे कुणाचे हे कळावे म्हणून गायक शेवटी आपले नाव इंग्रजीत सांगत. १९०८मध्ये कोलकात्याला सियालदह इथे कारखाना निघाला आणि हा लांबचा फेरा संपला. लाख मात्र मुळात आपलीच. छोटा नागपूरच्या रानात पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवर किडे ती तयार करतात. तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तबकडीचा लगदा होई. दगडाची पूड मुद्दाम घालत, कारण तिच्यावर घासून पोलादी पिन खाचेच्या आकाराची होऊन बसे. जुन्या तबकडीची खरखर बऱ्याच अंशी या पुडीची आहे. तो नंतर आलेला रोग नाही, तबकडीच्या घडणीचा भाग आहे.

कर्ण्याला सगळेच स्वर ऐकू येत नव्हते. साधारण दोनशे हर्ट्झच्या खालचे आणि दोन-अडीच हजारांच्या वरचे त्याच्या आवाक्याबाहेर राहत. पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज सत्तर हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो मेणापर्यंत पोचायचाच नाही. जवारीतून उठणारे वरचे नाजूक ध्वनीही नाहीत. डग्ग्याची घुमक जवळजवळ गायब. पेटी आणि सारंगी मात्र नेमक्या मधल्या पट्टीत असल्याने ठळक येतात. त्यामुळे जुन्या तबकडीत तानपुरा नाही असे वाटले, तर तो मैफलीत नव्हता असे समजू नये. गाणारी व्यक्ती त्याच्या आधारानेच गात होती, फक्त तो आधार आपल्यापर्यंत आलेला नाही. हे कळल्यावर माझे ऐकणे बदलले. आता तबकडी लावली की शेजारी त्याच पट्टीत तानपुरा लावून ठेवते, आणि मगच गायकाच्या षड्जाची जागा नीट कळते.

आता वेळेचा प्रश्न. दहा इंची तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांच्या आसपास, बारा इंचीची चार-साडेचार. ज्या गायकाला एका रागाला तासभर पुरत नसे, त्याने एवढ्यात काय करायचे? आपल्या गायकांनी त्याचे उत्तर विचारपूर्वक दिले. विलंबित जवळपास सोडून दिले. पहिल्या काही सेकंदांतच रागाचा चेहरा दाखवायचा, बंदिशीचा मुखडा स्पष्ट म्हणायचा, दोन-चार आलापांत रागाचे मर्म सांगायचे, तानांची लड झटकन घ्यायची आणि समेवर येऊन थांबायचे. काहींनी एका बाजूला संथ ख्याल आणि दुसऱ्या बाजूला द्रुत, असा मार्ग काढला. याला मी कधीच मैफलीचे कापलेले तुकडे म्हणत नाही. काय गाळायचे हे ज्याला कळते, त्यालाच सव्वातीन मिनिटांत राग उभा करता येतो.

या सव्वातीन मिनिटांत एक अडचण अशी दडलेली आहे, जी फक्त तबकडी वाजवणाऱ्याला कळते. तबकडीची रेघ बाहेरून आत जाते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळपास एक मीटर खाच सरकते. आतल्या लेबलाजवळ पोचेपर्यंत हे अंतर निम्म्याहून कमी होते. म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी जागा. खाचेतली वळणे दाटीवाटीची होतात आणि झीजही तिथेच जास्त होते. ख्यालात द्रुत ताना येतात त्या शेवटी. गायकाचे सगळ्यांत अवघड काम अशा रीतीने तबकडीच्या सगळ्यांत कमकुवत जागी येऊन पडते. शेवटच्या तानेला आवाज फाटलेला ऐकू आला की लोक म्हणतात, गायक थकला. बहुतेक वेळा थकलेली असते ती खाच.

१९२५मध्ये मायक्रोफोन आणि विजेवरचे मुद्रण आले आणि चित्र पालटले. कर्ण्यात ओरडायची गरज उरली नाही. हळू आवाजातला स्वरही पकडला जाऊ लागला. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या शेजारी ठेवून ऐकल्या की हा फरक चटकन कळतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी कर्ण्यासमोर गाऊन काही तबकड्या दिल्या, आणि आयुष्याच्या अखेरीस, १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यावर, ओडियनसाठी मायक्रोफोनसमोर गायले. पहिल्यांत गळा विलक्षण चपळ आहे, पण आवाज पातळ पत्र्यातून आल्यासारखा. दुसऱ्यांत स्वर लावून धरणे आहे, श्वास आहे, स्वराच्या कडेने घेतलेली कंपने आहेत. झिंझोटीतली ‘पिया बिन नहीं आवत चैन’ त्याच काळात घराघरांत पोचली. तिची तबकडी ऐकून लहानपणी भीमसेन जोशी गाण्याच्या मागे निघाले, ही गोष्ट सगळ्या मराठी श्रोत्यांना ठाऊक आहे. एक यंत्र सुधारले आणि एका गायकाचे सगळे मन आपल्याला ऐकू आले, असे मला दर वेळी वाटते.

तबकडीने ज्यांना टिपले नाही, त्यांची उणीवही या कामात सतत जाणवते. भास्करबुवा बखले १९२२मध्ये गेले आणि त्यांचा आवाज आपल्याकडे नाही. जे आहे ते त्यांच्या शिष्यांकडून, मास्टर कृष्णराव आणि बालगंधर्व यांच्या तबकड्यांतून आलेले. अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचा विचार करायचा तर केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडेच जावे लागते. कुरुंदवाडला १९२२मध्ये देह ठेवणाऱ्या रहिमत खाँसाहेबांच्या मोजक्याच तबकड्या आहेत, कर्ण्याच्या काळातल्या. त्या वाजवताना माझा हात जपून चालतो, कारण त्या फुटल्या तर मागे दुसरे काही नाही. अशा तबकड्यांवर काम करताना शिष्यांच्या गाण्यातून गुरू शोधण्याची सवय लागते. एखादी जागा, एखादी उचल दोन शिष्यांकडे सारखीच ऐकू आली, की वाटते, ही त्यांच्याही मागून आलेली असणार.

आता प्रत्यक्ष काम. कोकणातला पाऊस तबकडीचा शत्रू आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कागदी लेबलावर बुरशी येते आणि खाचांतही पांढरे ठिपके धरतात. तबकडी आली की आधी उजेडात तिरकी धरून पाहते. मग लेबल झाकून डिस्टिल्ड वॉटर, चार थेंब सौम्य साबण आणि मऊ ब्रश. स्पिरिट कधीही नाही. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराला विचारा, चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. तबकडी स्पिरिटने पुसणे म्हणजे गाणे पुसणे. बाजारातून अशा पुसलेल्या तबकड्या माझ्याकडे येतात. वरून लखलखीत दिसतात आणि आत गाणे निम्मे झिजलेले असते.

सुई निवडणे हे दुसरे मोठे काम. लाँग प्लेच्या सुईचे टोक अठरा ते पंचवीस मायक्रॉनचे असते. ती लाखेच्या रुंद खाचेत तळाशी जाऊन फक्त धूळ आणि खरखर वाजवते. इथे साठ ते नव्वद मायक्रॉनपर्यंतच्या सुया लागतात. जुन्या पोलादी पिनांनी खाच एकाच खोलीवर घासलेली असते. थोडी जाड किंवा थोडी बारीक सुई घेतली की ती वर किंवा खाली, न झिजलेल्या भिंतीवर टेकते, आणि हरवलेला आवाज अचानक मोकळा होतो. खाचेच्या दोन भिंतींपैकी एक बऱ्याचदा जास्त चांगली असते. स्टिरिओ सुईने दोन्ही बाजू वेगळ्या उतरवून घेते आणि चांगली बाजू ठेवते. तबकडी वाजवायची वेळ रात्रीची. पळस्पे फाट्याकडे जाणाऱ्या जड गाड्यांची थरथर दिवसा जमिनीतून टर्नटेबलपर्यंत येते आणि मुद्रणात घरघर म्हणून उमटते.

आणि मग वेग. फिरत्या चाकावर रेघांची स्ट्रोब चकती ठेवते. आपल्याकडच्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर जळणाऱ्या निऑन दिव्याखाली तिच्या ७७ रेघा स्थिर दिसल्या, की चाक ७७.९२ फेऱ्यांवर आले असे समजायचे. बहुतेक एलईडी दिव्यांखाली हे नीट दिसत नाही, म्हणून एक जुना निऑन दिवा जपून ठेवला आहे. पण ही सुरुवात झाली. खरा वेग ठरतो तो कानाने. साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल तर त्याचे स्वर कोणत्या पट्टीत बसतात, हे पाहते. त्याच गायकाच्या त्याच दिवशीच्या इतर तबकड्या मिळाल्या तर त्यांचा षड्ज ताडून बघते. शेवटी आवाजाचा पोत तपासते. वेग बदलला की स्वर बदलतो, तसा ‘आ’कार आणि ‘ई’कारांचा घाटही बदलतो. वेग योग्य जागी आला की आवाजामागे माणूस उभा राहतो.

पेणकडचे एक गृहस्थ लेबल अर्धे फाटलेली तबकडी घेऊन आले होते. गायिकेचे नाव गेले होते. गावच्या भजनी मंडळात त्यांनी आयुष्यभर पेटी वाजवलेली. मी तबकडी ७८ला लावली. त्यांनी क्षणभर ऐकले आणि म्हणाले, “ताई, बाई घाई करतेय असं वाटतं. पेटीपण चढलीय.” मी वेग थोडा उतरवला. ते मान हलवत राहिले. “अजून. अजून थोडं. हां, आता काळी एकला आली. आता पेटी पेटीसारखी वाजतेय.” मीटरने जे सांगितले असते तेच त्यांनी पेटीवर बोटे झिजवलेल्या कानाने सांगितले.

त्याच तबकडीची खरखर काढतानाही ते बसून होते. “सगळी घालवून टाका, आईला ऐकवायचंय,” असे त्यांचे म्हणणे होते. मी दोन प्रती केल्या. एका प्रतीतून खरखर पूर्ण काढली, दुसरीत थोडी ठेवली. ऐकून ते म्हणाले, “ताई, साफ आहे खरं. पण पहिलीत पेटी गुदमरलीय, आणि तबल्याचा ‘ना’ कुठे गेला?” त्यांचे बरोबर होते. संगणक टकटक ओळखतो ती तिच्या धारेवरून, आणि तबल्याच्या चाटीवरचा बोटाचा आघातही तसाच धारदार असतो. आपोआप सफाई करणाऱ्या यंत्रणेला दोन्हींतला फरक कळत नाही. खरखरीबरोबर गायिकेच्या ‘स’कारांची धार, तिचा श्वासही जातो. म्हणून मी टकटक एकेक शोधून हाताने काढते आणि खरखर फक्त खाली बसवते. ते दुसरी प्रत घेऊन गेले.

हे काम एकट्याने होत नाही. तबकडीच्या लेबलाजवळ खाचांपलीकडे कोरलेला क्रमांक हा तिचा जन्मदाखला असतो, आणि तो वाचायला शिकवले ते संग्राहकांनी. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, तिच्यासाठी झटणारे सुरेश चांदवणकर, ऑस्ट्रेलियात बसून भारतीय तबकड्यांच्या सूची करणारे मायकेल किनियर, यांच्या कामावर माझ्यासारख्या अनेकांचा पाया आहे. मराठी माणसाने तबकडीच्या पलीकडल्या बाजूलाही मोठे काम केले आहे. नागपूरचे वकील आणि भावगीतगायक जी. एन. जोशी १९३८मध्ये एचएमव्हीत गेले आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी मुंबईत शास्त्रीय गायकांना मायक्रोफोनसमोर बसवले. त्यांच्या आठवणी वाचल्या की कळते, तबकडीच्या एका बाजूमागे गायकाची मनधरणी किती होती.

१९७७मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी अंतराळात गेली. तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ आहे. त्यांतले ‘व्हॉयेजर-१’ निघाले त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्या तबकडीच्या झाकणावर ती कशी वाजवायची हे चित्रांनी कोरलेले आहे. सुई कुठे ठेवायची, आणि एक फेरा किती वेळात पुरा करायचा, तेही. जिला ऐकणारा भेटेल की नाही याचीच खात्री नाही, तिच्यासाठी एवढी काळजी घेतली गेली, कारण वेग चुकला तर गाणे चुकते. आपल्या माळ्यांवर पडलेल्या तबकड्यांबरोबर अशी सूचना नाही. ती काळजी आपणच घ्यायची आहे.

म्हणून एक विनंती. घर रिकामे करताना तबकड्यांची पेटी सापडली तर ती भंगारात देऊ नका. तबकड्या एकमेकींवर आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. स्पिरिट लावू नका. लेबल फाटले असले, तडा गेला असला तरी तुकडे फेकू नका, त्यांतूनही गाणे निघते. जवळच्या संग्राहकाला किंवा ध्वनिमुद्रण जाणणाऱ्याला दाखवा, आणि त्याच्याकडून एकच गोष्ट हक्काने मागून घ्या: आधी षड्ज तपासा, मग वाजवा. जुने गाणे मोबाइलवर ऐकतानाही तानपुरा लावून पाहा. तो कोणत्याच पट्टीला लागेना तर गायकाला बेसूर ठरवू नका. बहुधा वेग चुकलेला असतो.